सैल बांधणारी आत्या

माझी आत्या केबल टाकते. शाळेत असताना मी हे सांगितलं की सगळ्यांना वाटायचं, ती घरोघरी जाऊन टीव्हीच्या तारा जोडत असेल. एका मैत्रिणीने तर "आमच्या टीव्हीवर मुंग्या दिसतात, पाठव ना तिला" असा निरोपही दिला होता. तो मी आत्याला पोचवला तेव्हा ती म्हणाली, "सांग तिला, माणसांच्या करमणुकीची कामं मी घेत नाही. मी यंत्रांच्या गप्पांची घेते."

ते खरंच होतं. साबणाच्या कारखान्यात एक यंत्र वड्या कापतं, दुसरं त्या कागदात गुंडाळतं, तिसरं खोक्यात भरतं. कापणाऱ्याने "पाठवतोय" म्हटलं आणि गुंडाळणाऱ्याला ते वेळेत ऐकू आलं नाही, तर दोघांच्या मधे वड्यांचा डोंगर उभा राहतो. ही बातचीत ज्या तारांमधून चालते त्या निवडायच्या, छताजवळच्या पत्र्याच्या ट्रेमधून ओढत न्यायच्या आणि नीट बांधायच्या, हे आत्याचं काम. त्यातलं बांधणं तिचं खास.

ती या धंद्यात आली ती बोटांच्या जोरावर. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बारीक तारा जोडायला मुली हव्या होत्या. आत्या तिथे गेली आणि थोड्याच दिवसांत तिची ख्याती झाली, की ही मुलगी दिवे गेले तरी हात थांबवत नाही. स्क्रू पुरेसा बसला की नाही, तार आतून तुटलीय की नाही, हे ती चिमटीत धरून सांगायची. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. कापड चाचपून त्याचा कस सांगणारा माणूस तो. लग्न ठरवताना मुलीचं काय आवडलं, असं कुणी विचारलं की ते अजूनही सांगतात, "हात. माझ्या शर्टाचं कापड तिने नुसतं चिमटीत धरलं आणि म्हणाली, यात सूत कमी आहे. मी तिथेच गार."

"शर्ट तुम्हीच शिवला होता ना?" मी मुद्दाम विचारते.

"म्हणून तर गार."

पुढे आत्या पॅनेलमधून बाहेर पडून केबलच्या कामात आली. यंत्रांचं जाळं जसं वाढत गेलं, तशी ती वाढत गेली. स्वतःची कामं घ्यायला लागली. जोडीला एक उंच, हडकुळा माणूस आला. त्याला सगळे शिडी म्हणतात. खऱ्या शिडीवर तोच चढतो, त्यामुळे "शिडी, शिडी आण" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय.

शिडीने आत्याचं नाव ठेवलं सैलताई. कारण केबल ट्रेला बांधताना ती एकच धोशा लावायची, "सैल ठेव. सैल ठेव रे बाबा." प्लॅस्टिकचा टाय आपण ओढला की दात कटकट करत पुढे जातात आणि मागे येत नाहीत. नव्या माणसाला वाटतं, जितका आवळला तितका पक्का. पण नेटवर्कच्या केबलच्या पोटात तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. त्या पिळाचं आणि मधल्या अंतराचं माप ठरलेलं असतं. वरून टाय आवळला की आतलं माप बिघडतं, आणि संदेश त्या जागी अडखळतो. म्हणून आत्याची पद्धत अशी, की प्रत्येक टाय लावल्यावर त्याखालची केबल अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने धरून फिरवून बघायची. फिरली तर पास. नाही फिरली तर टाय कापायचा, दुसरा लावायचा. टायचा एवढा खच पडायचा, की तिच्या मागून झाडूवाले यायला कुरकुरायचे.

इंजिनिअरिंग संपवून मला नोकरी लागली ती आत्याच्याच गावातल्या साबणाच्या कारखान्यात. ऑटोमेशन विभागात. आई म्हणाली, खोली कशाला घेतेस, आत्याकडे राहा. मी बॅग घेऊन गेले तेव्हा आतोबांनी आधी माझ्या शर्टाची कॉलर चाचपली, मान हलवली आणि म्हणाले, "पहिल्या पगारापर्यंत चालवून घे. मग मी बघतो."

त्याच सुमाराला कारखान्यात नवी पॅकिंग लाइन येत होती आणि केबलचं काम आत्याला मिळालं होतं. काम सुरू होण्याआधी ती मला घेऊन रिकाम्या शेडमध्ये फिरली. मी हातात नकाशा घेऊन, ती हात पाठीमागे बांधून.

"सगळीकडे एकच केबल का नाही वापरायची?" मी विचारलं.

"तू भाड्याने खोली बघायला जातेस तेव्हा काय विचारतेस?"

"भाडं किती."

"ते तुझा बाप विचारेल. तू काय विचारतेस?"

"ऊन येतं का. पाणी कसं आहे. शेजारी कोण आहेत."

"झालं की मग. ही बघ, ही केबल इथे राहणार." तिने वड्या कापायच्या यंत्राच्या खालची जागा दाखवली. "इथे रोज धुलाई. साबणाचं पाणी, तेल. हिला जाड, तेलाला न जुमानणारी कातडी पाहिजे. ती तिकडची, त्या पुढेमागे सरकणाऱ्या हाताबरोबर दिवसभर वाकणार. तिच्या आत भरीव तार घातली तर महिन्यात मोडेल. तिला बारीक बारीक तारांची, मऊ. आणि ती वरची सरळ जाणारी, तिला काही नाही, शांत आयुष्य. फक्त शेजार बघायचा."

"शेजार म्हणजे मोटारीच्या केबल?"

"मोठ्याने भांडणारे लोक ते. त्यांच्याशी समांतर राहायचं नाही. ओलांडायचंच झालं तर काटकोनात, पटकन, नजर न देता."

मागून शिडी म्हणाला, "इंजिनिअरबाई, लिहून घ्या. हेच ताई लग्नाच्या बाबतीतही सांगतात."

मी खरंच लिहून घेतलं. माझ्या पुस्तकांमध्ये हे सगळं होतं, तक्त्यांमध्ये होतं, पण तिथे केबल कुठे राहत नव्हती.

सकाळी कामावर निघण्याआधी आत्या माझी वेणी घालायची. हे ऐकून हसू येईल, नोकरी करणारी मुलगी आणि आत्या वेणी घालतेय. पण कारखान्यात केस हेल्मेटच्या आत पाहिजेत आणि माझे केस कुठल्याही रबरबँडला दाद देत नाहीत. लहानपणी सुट्टीत आले की तीच घालायची. तिची वेणी दिवसभर सुटत नसे आणि दिवसभर जाणवतही नसे. केबलवर बाहेरची गडबड अडवायला जाळी चढवतात, तिला शील्ड म्हणतात; आतोबा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "शील्ड लावली का गं वरून?"

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर वेण्या घट्ट व्हायला लागल्या. एका सकाळी तर एवढी घट्ट, की माझ्या भुवया वर चढल्या. मी आरशात बघून म्हटलं, "आत्या, मी कायमची आश्चर्यचकित दिसतेय."

"नोकरीत तसंच दिसावं. साहेबाला वाटतं, तो काहीतरी नवीन सांगतोय."

मी हसले आणि वेणी थोडी सैल करून निघाले. त्याच आठवड्यात तिने चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, दुधाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलेलं मी पाहिलं. "तुझे हात लोखंडाचे आहेत," मी कौतुकाने म्हटलं. तिने हात पदराला न पुसता पाण्याखाली धरला. आतोबांचं मशीन मात्र तेवढा वेळ थांबलं होतं.

लाइन सुरू झाली. सगळ्या केबल टेस्टर लावून तपासल्या होत्या, सगळ्या पास. छोटासा समारंभ झाला, पहिलं खोकं भरलं, मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. आत्या शेवटच्या रांगेत उभी होती, नेहमीप्रमाणे माणसांकडे न बघता वर ट्रेकडे बघत.

मग दुपारची दुखणी सुरू झाली. सकाळी लाइन सुतासारखी चालायची. जेवणाची सुट्टी झाली की काही वेळाने खोकी भरणारं यंत्र मधेच थांबायचं. पडद्यावर एकच ओळ यायची, संपर्क तुटला. पुन्हा चालू केलं की चालू. थोड्या वेळाने पुन्हा बंद. आम्ही यंत्राचा प्रोग्रॅम तपासला, मधला नेटवर्क स्विच बदलला, कनेक्टर बदलले. मॅनेजरसाहेब रोज दुपारी खिडकीत येऊन उभे राहायला लागले. शेवटी ते मला म्हणाले, "दुसऱ्या लाइनचं काम पुढच्या महिन्यात द्यायचं आहे. केबलच वाईट असेल तर केबलवाला बदलावा लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत मला कारण सांगा."

दुसरी लाइन ही आत्याच्या डोळ्यांसमोर उभी होती. त्या शेडचा नकाशा तिने घरी भिंतीला लावला होता, आतोबांच्या मापांच्या कागदांशेजारी.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या ऐवजी दुपारी टेस्टर लावला, लाइन तापलेली असताना. टेस्टरचा गुण असा, की केबलमध्ये कुठे संदेश अडखळतो, ते अंतर तो सांगतो. त्याने सांगितलेल्या अंतरावर मी खालून चालत गेले. बरोबर खोक्यांवर प्लॅस्टिक आवळून बसवणाऱ्या भट्टीच्या वर. तिथल्या ट्रेला खालून दिवसभर ऊब लागते. शिडीने शिडी लावली, पण मी म्हटलं, मी चढते.

वर केबलचा जुडगा होता, आणि त्यावर टाय. सुंदर, एका ओळीत, शेपट्या एकसारख्या कापलेल्या. आत्याचंच काम, सहीची गरज नाही. मी टायखालची केबल धरून फिरवली. ती फिरली नाही. पुढच्या टायखालची धरली. तीही नाही. एका ठिकाणी केबल मुंगीच्या कंबरेसारखी आत गेली होती. लाइन गार असताना हे सगळं जेमतेम पास झालं होतं. उबेने केबलची कातडी मऊ झाली आणि टाय आणखी रुतले.

"काय दिसतंय?" खालून शिडीने विचारलं.

माझा हात आपोआप माझ्या वेणीकडे गेला. ती आजही घट्ट होती.

खाली उतरल्यावर मी शिडीला हळूच विचारलं, "मामा, हे टाय कुणी लावले?"

"ताईंनी. भट्टीवरचं काम अवघड म्हणून मला चढू दिलं नाही." मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याची थट्टा गेली. "हल्ली त्यांच्या हातून स्क्रू पडतात. मी उचलून देतो. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मॅनेजरसाहेबांना उत्तर द्यायला तासभर होता. मला दोन गोष्टी सांगता येत होत्या. भट्टीची उष्णता जास्त आहे, तिथे वेगळी केबल लागेल. ही गोष्ट खोटी नव्हती आणि तिच्यावर सगळ्यांचं भागलं असतं. पण मग दुसऱ्या लाइनवरही तेच टाय बसले असते, आणि आत्याला कधीच कळलं नसतं. मी तिला फोन केला. "ये," एवढंच म्हटलं.

ती आली, हेल्मेट घातलं, काही न विचारता शिडीवर चढायला लागली. मी शेजारच्या फलाटावर उभी राहिले. तिने केबल चिमटीत धरली आणि सवयीने फिरवली.

"फिरतेय की," ती म्हणाली.

"आत्या, तुझं बोट फिरतंय. केबल नाही फिरत."

तिने पुन्हा धरली. या वेळी डोळ्यांनी बघत. तिचं बोट केबलच्या गुळगुळीत कातडीवरून घसरत होतं, आणि केबल जागच्या जागी होती. ती बघत राहिली. खालून यंत्रांचा आवाज येत होता आणि साबणाचा गोड वास. मला वाटलं, आता ती रागावेल, किंवा टायच्या मालाला दोष देईल. मी मनातून तेच मागत होते.

तिने कंबरेचा कटर काढला, टाय कापला, मग पुढचा, आणि मोकळी झालेली केबल उचलून स्वतःच्या गालाला लावली. डोळे मिटले. गालावरून ती केबल सावकाश ओढत नेली, आपण लहान मुलाचा ताप बघतो तशी. एका जागी थांबली.

"आहे," ती म्हणाली. "इथे दबलीय. चांगलीच दबलीय."

मग पुढची केबल. पुन्हा गाल. "इथेही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून असेल. आधी वाटलं, हात गार पडलेत. मग वाटलं, दमलेत. साखर वाढली की असं होतं म्हणे, बोटांची टोकं झोपी जातात." ती हाताकडे बघत होती, जणू तो तिला उलट बोलला होता. "मी म्हटलं, डोळे आहेत, सवय आहे, निभेल. तुझ्या आतोबांना कळलं होतं. मला म्हणाले, दाखवून ये. मी म्हटलं, आधी लाइन सुरू होऊ दे."

"माझी वेणीसुद्धा..."

"घट्ट होतेय?" तिने झटकन विचारलं. "कधीपासून? बोलायचं नाही का, मुली?"

"बोलले होते. तू साहेबाचा विनोद केलास."

ती हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटचा पट्टा सोडायला तिने हात वर केला, पण बकल बोटांना सापडेना. मी तो सोडवला.

मॅनेजरसाहेबांकडे ती स्वतः गेली. मी मागे. ती खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, केबल चांगली आहे. टाय मी आवळले, जास्त आवळले. माझ्या बोटांना कळलं नाही."

साहेबांनी मान वर केली. "दुसरं कुणी हे येऊन सांगत नाही, बाई."

"सांगून उपयोग नाही, दुरुस्त व्हायला पाहिजे. दबलेल्या केबल बदलते, माझ्या खर्चाने. भट्टीच्या वरचा ट्रे बाजूला घेते, तिथे ऊब नको. बाकीचे सगळे टाय काढून त्या जागी कापडी पट्टे लावते, वेल्क्रोचे. ते किती आवळले ते डोळ्यांना दिसतं."

"आणि दुसरी लाइन?"

इथे तिचा आवाज थोडा बदलला. "दुसऱ्या लाइनला बांधणार शिडी. मी बांधणार नाही. केबल मी निवडीन, वाट मी आखीन, आणि लाइन तापलेली असताना टेस्टर लावून पास झाल्याशिवाय तुमच्या ताब्यात देणार नाही. हे मान्य असेल तर सांगा. नसेल तर तसंही सांगा, मी रागावणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"आधी ही लाइन आठवडाभर न थांबता चालवून दाखवा," ते म्हणाले. "मग बोलू."

सुट्टीच्या दिवशी लाइन बंद ठेवून आम्ही कामाला लागलो. शिडी टाय कापत गेला आणि वरून आरोळ्या देत गेला, "सैलताई, सैल करतोय हो!" आत्या खाली स्टुलावर बसून नव्या पट्ट्यांची मापं काढत होती. दर थोड्या वेळाने उठून ती शिडीने बांधलेला पट्टा बघायची, केबल त्याखालून ओढून गालाला लावायची आणि मान हलवायची. एकदा तिने मान हलवली नाही.

"परत बांध."

"अहो ताई, फिरतेय ना!"

"तुझ्या बोटाला फिरतेय. माझ्या गालाला नाही."

शिडीने कपाळावर हात मारला आणि परत बांधला. आतोबा डबा घेऊन आले होते. कारखान्यात ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी एक वेल्क्रोचा पट्टा हातात घेतला, दोन्ही बाजू चाचपल्या आणि मला विचारलं, "हे शिवतं कोण? टाके बरे आहेत." मग ते आत्याच्या शेजारी स्टुलावर बसले, आणि तिने मापलेले पट्टे आपल्या कात्रीने कापून द्यायला लागले. ती माप दाखवायची, ते कापायचे.

लाइन आठवडाभर चालली. पहिल्या दुपारी आत्या, शिडी आणि मी खोकी भरणाऱ्या यंत्रासमोर असे उभे होतो, जणू ते परीक्षेला बसलंय. सुट्टी झाली, भट्टी तापली, वड्या येत राहिल्या, खोकी भरत राहिली. आठवड्याच्या शेवटी साहेबांनी दुसऱ्या लाइनचा नकाशा स्वतः आणून आत्याच्या हातात दिला. तोच, जो तिने आधीच भिंतीला लावला होता. तिने तसं सांगितलं नाही. नीट घडी घालून घेतला.

डॉक्टरांनी औषधं दिली आहेत. बोटांची जाणीव किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणाले. आत्या गॅसजवळ आता फडकं ठेवते, आणि ती विसरली तर आतोबांचं मशीन थांबतं. तेवढं पुरतं.

वेणीचा विषय मात्र राहिला होता. मी दोन दिवस स्वतःच कशीबशी केस बांधून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कंगवा घेऊन माझ्यामागे येऊन बसली.

"मीच घालते गं," मी म्हटलं.

"गप्प बस. सरळ बघ."

तिने तीन पेड केले आणि सावकाश घालायला सुरुवात केली. दर दोन वळणांनंतर ती थांबायची. मला आधी कळेना, का थांबतेय. मग मानेजवळ ऊब लागली. तिने माझ्या वेणीला गाल लावला होता आणि डोक्यापासून खालपर्यंत हळूहळू तपासत होती.

"इथे?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

"खरं सांग."

"थोडी घट्ट आहे," मी म्हटलं.

तिने ती उसवली आणि पुन्हा घालायला घेतली. पुढच्या खोलीतून आतोबांनी विचारलं, "पास झाली का?"

"थांबा हो," आत्या म्हणाली, आणि तिचा गाल पुन्हा माझ्या केसांवर टेकला. "अजून तपासतेय."